टॉवेल मॅडम

आमच्या टॉवेल मॅडम पेशंटच्या मानेकडे आधी बघतच नसत. त्या बघत चपलांकडे. म्हणजे आलेला माणूस दारात चपला कशा काढतो ते. दवाखान्यातल्या त्यांच्या व्यायामोपचाराच्या खोलीचं दार सताड उघडं असे, आणि त्या टेबलामागच्या खुर्चीत न बसता दारासमोर स्टूल टाकून बसत. कुणी खाली बघून सरळ चप्पल काढे, कुणी मान ताठ ठेवून पायाच्या अंगठ्यानं चाचपडे, कुणी भिंतीला हात लावून उभा राही. तेवढ्यात मॅडमचं निम्मं काम झालेलं असे. "मान तर सगळ्यांचीच दुखती म्हणतात," त्या म्हणत. "माणूस किती भ्यालाय ते चपला सांगतात."

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आप्पांनी चपला काढल्याच नाहीत. मी त्यांच्या पायाशी बसले आणि मीच काढल्या. वर बघितलं तर मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"ह्यांचे हात चालत न्हाईत का?"

"चालतात. मान दुखते."

"मग चपला तू का काढल्यास?"

"त्यांनी वाकायचं नाही."

"कुणी सांगितलं?"

सांगणारी मीच होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. मंद्रूपची थोडकी शेती भावाच्या हाती देऊन ते सोलापुरात आले, त्याला माझ्या वयाइतकी वर्षं झाली. तेव्हापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. दिवसभर मान खाली. धागा तुटलेला दिसला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा माग चालू करायचा. दोन वर्षं त्यांची मान दुखत होती. आधी मलम झालं, मग गोळ्या, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून गळ्यात पट्टा. उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी एमआरआय करून आणायला सांगितलं.

रिपोर्टचं पाकीट घरी आलं आणि आई म्हणाली, "वाच की गं. तुला इंग्रजी येतंय न्हवं?"

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. घरात आलेला प्रत्येक कागद मीच वाचते. विजेचं बिल, शाळेचे दाखले, बँकेचं पत्र. मला येत नाही असं त्या दिवशी मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. एकेक शब्द मोबाइलवर शोधत गेले. झीज, दाब, ऱ्हास. प्रत्येक शब्दाखाली मोबाइल आणखी काही दाखवी; चाकाच्या खुर्चीतली माणसं, गळ्यात लोखंडी कडं घातलेली माणसं. तेव्हा मला आमच्या गावचा एक माणूस आठवला. चिंचेच्या झाडावरून पडून त्याची मान मोडली होती. लहानपणी आईबरोबर मी त्याला बघायला गेले होते. खाटेवर त्याचे फक्त डोळे हलत होते आणि त्या डोळ्यांनी तो दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होता. त्याची मान पडून मोडली होती आणि आप्पांची दुखत होती, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आज मला कळतं. त्या संध्याकाळी दोन्ही माना माझ्या डोक्यात एक होऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर काय म्हणाले ते मला नीट ऐकूच आलं नाही. "गादी थोडी सरकलीय" एवढं ऐकलं आणि पुढे माझ्या कानांत वारा भरल्यासारखं झालं. घरी येऊन मी फुलस्केप कागदावर चांगल्या अक्षरात नऊ ओळी लिहिल्या आणि तो कागद पाण्याच्या पिंपावरच्या भिंतीला चिकटवला. खाली वाकू नये. वर बघू नये. मान वळवू नये. ओझं उचलू नये. सायकल चालवू नये. अशा एकापुढे एक. आठवी ओळ होती, दुखेल असं काहीही करू नये. आणि नववी होती, आप्पांना एकटं सोडू नये.

आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवत कागद वाचला आणि म्हणाले, "पोरीनं लिवलंय म्हंजी तसंच करायचं." ते तसंच वागले. कामावर जायचे थांबले. कुणी बाजूनं हाक मारली तर बिजागरीवरच्या दारासारखे सगळेच्या सगळे वळायचे. जेवताना ताट हातात उचलून तोंडाजवळ धरायचे. आई शिलाईच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा मारायला जाई, म्हणून घरी मी राहू लागले. कॉलेजला गेलेच तर फोन मांडीवर ठेवून बसायचे. तो थरथरला की तास सोडून बाहेर यायचे. हळूहळू मी जायचंच बंद केलं. आप्पांनी एक मोठा श्वास घेतला तरी मी दचकून बघायचे. असे चार महिने गेले, आणि दुखणं कमी झालं नाही. वाढलंच.

अशा अवस्थेत आईच्या कारखान्यातल्या बायकांच्या सांगण्यावरून आम्ही त्या धर्मादाय दवाखान्यात गेलो होतो. मॅडमनी आप्पांच्या हाताची ताकद बघितली, बोटं मोजायला लावली, गुडघ्यावर लहान हातोडी मारली, टाच-चवडा जोडून सरळ रेषेत चालवलं. मग त्यांनी माझ्याकडून फाइल घेतली. रिपोर्ट बाजूला ठेवला आणि त्याच्यामागची मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली. "हे वाचलंस का?" चिठ्ठीत लिहिलं होतं की ऑपरेशनची गरज नाही, पट्टा कमी करत आणा, व्यायामासाठी पाठवत आहे. ती चिठ्ठी चार महिने माझ्या फाइलमध्ये होती. मी रिपोर्टच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधला होता आणि चिठ्ठी उघडलीच नव्हती.

"म्याडम, पण झीज झालीया म्हणं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमी टॉवेल विणता न्हवं? दहा वर्षं वापरलेला टॉवेल कसा हुतो?"

"पातळ हुतो की."

"अंग पुसतंय का त्यानं?"

"पुसतंय. उलट चांगलं पुसतंय."

"झालं तर. पातळ झालाय, फाटला न्हाई." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं, कॉलेज? कळलं का?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कॉलेजच. माझं नाव त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं असेल, तोंडानं कधी घेतलं नाही.

त्यांचं टॉवेल मॅडम हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही. येताना प्रत्येकानं घरून एक टॉवेल आणायचा हा त्यांचा नियम होता. टॉवेलची गुंडाळी मानेखाली घेऊन उताणं झोपायचं आणि हनुवटी जरा आत ओढून 'हो' म्हटल्यासारखी मान हलवायची, दुसऱ्याला दिसणारही नाही इतकी. तोच टॉवेल मानेमागून घेऊन दोन्ही टोकं पुढे धरायची आणि त्याच्या आधारानं सावकाश वर बघायचं. कपाळाला तळहात लावायचा, हातानं मागे रेटायचं आणि कपाळानं पुढे. खांद्याची पाती पाठीमागे एकमेकींकडे ओढायची. एवढंच. आलेल्यांत निम्मे लोक टॉवेल विणणारे, तरी टॉवेल विसरून येत. मग मॅडमचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाई, "आख्ख्या देशाला टॉवेल पुरवता आणि स्वतःच्या मानेला एक मिळंना व्हय?" त्या स्वतः तेलुगू विणकरांच्या घरात वाढलेल्या होत्या. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसांना हळू बोलायची सवय नसते.

दुखणं मोजायची त्यांची एक पद्धत होती. बाकीचे डॉक्टर विचारतात, दहापैकी किती दुखतं? आप्पांना ते कधी जमलं नाही; ते डॉक्टरांचं तोंड बघून आकडा सांगायचे. मॅडम विचारायच्या, "मीठ किती?" अळणी म्हणजे काहीच दुखत नाही, मग व्यायामही वाया. बरोबर म्हणजे ओढ लागतेय, चालू द्या. जरा जास्त म्हणजे खाण्यासारखं आहे, पण पुढचा घास बेतानं. खारट म्हणजे थांबा, कमी करा, मला सांगा. शिलाईच्या बायका आणि माग चालवणारे पुरुष, सगळे त्या खोलीत टॉवेलवर पडून मिठाच्या गोष्टी करत. बाहेरून ऐकणाऱ्याला खाणावळ वाटली असती.

आणि त्या तेलुगूत मोजायच्या. ओकटी, रेंडू, मूडू, नालगू. असं पदीपर्यंत, म्हणजे दहापर्यंत. "मराठीत मोजलं की तुमी घाई करता," असं त्यांचं म्हणणं. "न येणाऱ्या भाषेत माणूस दमानं मोजतंय." आप्पा पहिले आठ दिवस मूडूच्या पुढे गेले नाहीत. दर वेळी "म्याडम, फुडं काय?" आणि दर वेळी शेजारच्या बायका हसायच्या. चार महिन्यांत आप्पांकडे बघून कुणी हसलं नव्हतं. सगळे हळहळायचेच.

मॅडम सगळ्यांशीच गोड वागायच्या असं मात्र नाही. एकदा एक तरुण कामगार आला. म्हणाला, "मॅडम, न्हाव्याकडनं मान मोडून घेतली परवा. कडाकड वाजली. लई बरं वाटलं बघा."

"मग हितं कशाला आलास?"

"परत दुखायलीया."

"तर त्याच्याकडंच जा की. दाढी तरी हुईल."

तो हिरमुसून दाराकडे वळला तेव्हा त्यांनी त्याला दंडाला धरून परत आणलं, नीट तपासलं, आणि मानेला असा झटका का देऊ द्यायचा नाही ते अर्धा तास समजावून सांगितलं. त्या अर्ध्या तासात त्या एकदाही मोठ्यानं बोलल्या नाहीत. मी घाबरले ते त्यामुळेच. त्या हळू बोलल्या की समजायचं, गोष्ट गंभीर आहे.

दुसऱ्या खेपेला माझ्या तोंडून भिंतीवरच्या कागदाची गोष्ट निघाली. "उद्या घेऊन ये," एवढंच म्हणाल्या. मी घडी करून नेला. त्यांनी तो सावकाश वाचला. मला वाटलं, फाडतील. फाडायला हवा होता, मी सुटले असते. पण त्यांनी कागद मला परत दिला. "अक्षर चांगलं हाय. परत चिकटव. एकेक ओळ जमली की खोडायची. तुझ्या हातानं. मी सांगीन तेव्हा."

पहिल्यांदा गेली 'खाली वाकू नये'. आप्पांनी स्वतः चपला काढल्या त्या दिवशी. मग 'जमिनीवर बसून जेवू नये'. पट्टा रोज अर्धा तास काढत, मग तास, मग दोन तास, असा तीन आठवड्यांनी सुटला. मॅडमच्या दाराआड एका खिळ्यावर लोकांनी सोडलेले पट्टे टांगलेले असत. त्यात आप्पांचाही गेला. मी ओळी खोडत होते, पण खरं सांगायचं तर रेघ दर वेळी फिकीच मारायचे. रेघेखालचे शब्द मला वाचता यायचेच. आप्पा पट्ट्याशिवाय पिंपातून तांब्या भरायला वाकले की मी डोळे मिटून घ्यायचे आणि तांब्या पिंपावर टेकल्याचा आवाज येईपर्यंत उघडायचे नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. महिन्याभरानं मॅडमनी ओझं सुरू केलं. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेली बाटली घेऊन खांदे वर उचलायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना अंथरुणातून उठता येईना. मान एका बाजूला धरलेली, कपाळावर घाम. "हलू नका, हलू नका," मी ओरडत होते. मला ती खाट दिसत होती, ते डोळे दिसत होते. शेजाऱ्यांच्या घरातून जुना पट्टा आणून मी त्यांच्या गळ्यात बांधला आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खोली भरलेली होती. सगळ्यांसमोर मी मॅडमवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. "तुमचं काय जातंय, तुमचे वडील नाहीत ते," हे आठवतं.

मॅडमनी आप्पांना बसवलं आणि पहिल्या दिवसासारखं सगळं पुन्हा तपासलं. बोटं, मूठ, गुडघे, चालणं. शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "मान धरलीय. मोडली न्हाई. नस बरोबर हाय, ताकद बरोबर हाय. काल बाटली मी जास्त भरली. अर्धीच पायजे हुती. चूक माझी हाय, आप्पा." आणि तितक्याच शांतपणे मला म्हणाल्या, "आता तू झोप."

"मी?"

"हितं. टॉवेलवर."

मी झोपले. त्यांनी माझ्या मानेखाली हात घातला आणि डोकं एका बाजूला वळवायला लागल्या. ते वळेना. मला वाटलं मी अंग सैल सोडलंय, पण सोडलेलं नव्हतं. "बघा आप्पा, तुमच्यापेक्षा घट्ट हाय," मॅडम म्हणाल्या. "कधीपासनं दुखतंय गं?" दुखतंय असं मला माहीतच नव्हतं. गेले कित्येक महिने मी खांदे कानाशी आणून, आप्पांच्या दिशेनं एक कान लावून चालत होते. त्याच अवस्थेत झोपत होते. मला रडू यायला लागलं आणि उताणं झोपल्यामुळे ते कानांत जायला लागलं.

"आप्पा, तुमी मोजा," मॅडम म्हणाल्या.

धरलेली मान तशीच तिरकी ठेवून आप्पा माझ्याजवळ स्टुलावर बसले. "ओकटी," ते म्हणाले. "रेंडू. मूडू." मग थांबले. खोलीत कुणी हसलं नाही. "नालगू," ते म्हणाले. "आयदू." आणि पुढे, चाचपडत, एकही न गाळता, पदीपर्यंत.

ती मान चार दिवसांत सुटली. बाटली अर्धी झाली, मग हळूहळू पुन्हा पाऊण. माझ्या ओरडण्याचा विषय मॅडमनी कधी काढला नाही. फक्त त्यानंतर मला रोज आप्पांच्या शेजारच्या खाटेवर टॉवेल अंथरावा लागला. मी माफी मागायचं ठरवून गेले होते, दोनदा. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "बोलताना हनुवटी पुढं काढू नकोस."

सायकलची ओळ सगळ्यात अवघड होती. मॅडमनी दवाखान्याच्या अंगणात शिपायाची सायकल मागून घेतली. आप्पा बसले. मी एक पाऊल पुढे टाकलं तसं मॅडमनी माझं मनगट धरलं. नाडी बघतात तसं. "ओरडायचं न्हाई," त्या पुटपुटल्या. "पडले तर तुझ्या ओरडण्यानं पडतील, मानेनं न्हाई." आप्पांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला मॅडमनी मागून हाक मारली, "आप्पा!" आप्पा सायकल थांबवून, पाय टेकवून, सगळेच्या सगळे वळले. "असं न्हाई. अक्कलकोट रोडला मागनं ट्रक येतोय, तुमी काय उतरून बघणार? चालता चालता बघा." पुन्हा हाक. पुन्हा. सहाव्या की सातव्या हाकेला आप्पांनी सायकल चालू ठेवून नुसती मान वळवली. त्यांची हनुवटी खांद्यापर्यंत आली. सायकल जरा डगमगली. मॅडमनी विचारलं, "मीठ किती?" आणि आप्पा लांबून ओरडले, "बरोबर हाय, म्याडम!"

माझं मनगट त्यांनी तोवर सोडलं नव्हतं. तिथे त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की भीती त्यांनाही वाटत असणार.

आप्पा कामावर परत जाणार तेव्हा मॅडमनी त्यांना एक गोष्ट सांगितली. आप्पा कामावर वेगळा वेळ काढून व्यायाम करणार नाहीत हे मॅडमना माहीत होतं. "धागा तुटला की गाठ मारता न्हवं? गाठ मारली की एकदा वर बघायचं, खांदे मागं घ्यायचे, मग माग चालू करायचा. मालकाचं काय नुकसान न्हाई." आप्पांचं बघून शेजारच्या मागांवरचे तिघे-चौघेही तसं करू लागले. शेवटी मालक येऊन छपराकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं पत्रा गळतोय.

त्याच सुमारास मॅडमच्या यजमानांची बदली अकलूजला झाली. आम्हाला कळलं तेव्हा त्यांचे दोनच दिवस उरले होते. आप्पांनी त्यांच्यासाठी आपल्या मागावरचा एक टॉवेल नेला, निळ्या काठाचा. मॅडमनी तो उलगडून, काठ तपासून बघितला, विणकराच्या मुलीनं बघावा तसा. "हितं गाठ दिसतीया," त्या म्हणाल्या. "व्हय," आप्पा म्हणाले, "तितं वर बघितलं हुतं." मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

मी कागद नेला होता. आठ ओळी खोडलेल्या. मॅडमनी नववीवर बोट ठेवलं. आप्पांना एकटं सोडू नये.

"ही राहिली."

"हो."

"ही मानेची न्हाई. ही तुझी हाय." कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "बाकीच्यासारखंच करायचं. आज पाच मिनिटं, उद्या दहा. मीठ बघून." मग दुसऱ्या पेशंटच्या चपला वाजल्या आणि त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. निरोप असा काही झालाच नाही.

मी प्रयत्न केला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले आणि परत आले. एक तास कॉलेजला बसले, मग दोन. पण सकाळी आप्पा सायकलवरून कामाला निघाले की मी शेजाऱ्यांची सायकल मागून घेऊन त्यांच्या मागे मागे एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत जायचेच. ते फाट्यावर थांबून, मान वळवून, "जा आता," म्हणत.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी पेपर सकाळचाच होता. आप्पांना फाट्यापर्यंत पोचवून परत यायचं म्हणजे उशीर होणार. आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, "अर्धा तास उशीर झाला म्हणून काय होतं? बसू देतात." आप्पा बाजूला टॉवेल अंथरून व्यायाम करत होते. ते मोजायचे थांबले नाहीत, म्हणून मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही.

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर दारात सायकल नव्हती. चपला नव्हत्या. मी आईला हाक मारली, आई कारखान्यात गेलेली. पाणी प्यायला पिंपाकडे वळले आणि कागद दिसला. नवव्या ओळीवर निळी रेघ होती. कापडावर खुणा करायचा त्यांचा निळा खडू, त्याची. अक्षरांच्या वरून सुरू होऊन खाली उतरलेली, वाकडी, मधे एकदा तुटून पुन्हा जोडलेली रेघ. माझ्या लिहिलेल्यावर आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदाच हात चालवला होता.

ओल्या केसांनी मी रस्त्याच्या तोंडापर्यंत पळाले. कामाला जाणाऱ्या सायकली आणि मोटरसायकली एकामागे एक चालल्या होत्या. आप्पा बरेच पुढे गेले होते. त्यांचा पांढरा सदरा मला कुठेही ओळखू येतो. मागून एक ट्रक येत होता. त्यानं हॉर्न दिला. माझ्या तोंडातून हाक निघणारच होती. मी दुसऱ्या हातानं माझंच मनगट धरलं.

आप्पांनी मान वळवली. सायकल न थांबवता, खांद्यावरून मागे बघितलं, आणि कडेला झाले. ट्रक निघून गेला. धूळ खाली बसली तेव्हा सदरा तिथेच होता, चालतच होता.

मी मोजायला लागले. ओकटी, रेंडू, मूडू. पदीपर्यंत आले तेव्हा ते वळणाआड गेले होते. मग मी घरी गेले, हॉल तिकीट घेतलं आणि बस पकडली. पेपरला वेळेवर पोचले.

बसमध्ये मला मॅडमना फोन करावासा वाटला. केला नाही. त्या मीठच विचारतील हे माहीत होतं, आणि माझं उत्तरही तयार होतं. जरा जास्तच हाय, मॅडम. पण ताटावरून उठले नाही.